अर्ध्यावर थांबणारी पापणी : निपाणी भागातल्या एका विडी कामगार बाईंच्या कोरड्या डोळ्यांचं प्रकरण

त्यांनी पिशवीतून थेंबांच्या सहा बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. दोन रिकाम्या, तीन अर्ध्या, एक अजून न फोडलेली. "हे समदं घातलो बघा बाई. घातलं की घटकाभर गार वाटतंय, पुन्हा डोळ्यात रेव पडल्यागत." (आमच्या सीमाभागात बायकाही 'आलो, घातलो' असंच बोलतात. त्यांचं बोलणं मी आहे तसंच ठेवते आहे.)

वय ५४. निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या. तीस वर्षांहून अधिक काळ घरी बसून विड्या वळतात. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. लिहायचं कारण असं, की या बाईंच्या डोळ्यांत जे चाललं होतं ते मला पहिल्या दोन भेटींत दिसलं नाही. यंत्रं होती, वेळ होता, तरी दिसलं नाही. माझ्यासारखे डोळे तपासणारे आणि वर्षानुवर्षं थेंब घालूनही आराम न पडणारे, दोघांनाही याचा उपयोग व्हावा.

तक्रार दोन वर्षांची. उजवा डोळा चुरचुरतो, लाल होतो, वारं लागलं की घळाघळा पाणी येतं. डावाही त्रास देतो, पण कमी. सकाळी उठल्या उठल्या उजवा डोळा उघडवत नाही, मग दुपारपर्यंत जरा बरा असतो आणि संध्याकाळी पुन्हा तेच. एकदा कोल्हापूरला, एकदा बेळगावला दाखवून झालेलं. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. कुठंही गेलं तरी दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. प्रत्येक ठिकाणी निदान 'डोळे कोरडे' आणि हातात नवी बाटली. शेवटची बाटली त्या दिवसातून दहा वेळा घालत होत्या.

पहिल्या दोन भेटी

मी नेहमीच्या क्रमानं तपासलं. चष्म्यासह नजर ठीक. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती ओली होते ते मोजतात. ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही रोज वापरात आहे. पाच मिलिमीटरच्या खाली आलं तर पाणीच कमी सुटतंय असं धरतात. बाईंचे आकडे उजवीकडं १४, डावीकडं १५. म्हणजे पाण्याची टंचाई नव्हती. मग फ्लोरेसीनचा पिवळा रंग टाकून, पापणी उघडी धरल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहिलं. उजवीकडं ३ सेकंद, डावीकडं ६. दहाच्या खाली ते कमीच समजतात. तोंड कोरडं पडत नव्हतं, सांधे धरत नव्हते, साखर आणि थायरॉइडचे रिपोर्ट बरे होते.

निदान लिहिलं : पाणी पुरेसं, पण तेलाचा थर कमी पडल्यामुळं ते लवकर उडून जातंय. शेक सांगितला, थेंब बदलून दिले. महिन्यानं आल्या तेव्हा काडीचाही फरक नव्हता. मी जाड जेल लिहून दिलं.

दोन्ही वेळा स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, हनुवटी टेकवून मी म्हटलं, "डोळे मिटा." त्यांनी घट्ट मिटले. "उघडा." उघडले. 'पापण्या ठीक' असं लिहून मी पुढं गेले. सांगितल्यावर जोर लावून मिटलेला डोळा आणि मिनिटाला दहा-पंधरा वेळा आपोआप होणारी उघडझाप यांत फरक आहे, हे कॉलेजात शिकले होते. प्रत्यक्षात तपासताना मी दोन्ही एकच धरलं.

त्याहून जास्त लागणारी गोष्ट पुढं आहे. उजव्या डोळ्यात पिवळा रंग कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, फक्त खालच्या तिसऱ्या भागात चिकटला होता, आडव्या पट्ट्यासारखा. माझ्याच पेनानं काढलेलं ते चित्र केसपेपरवर होतं. सगळ्या कॉर्नियावर विखुरलेले ठिपके दिसले तर कारण औषधात, दाहात किंवा पाण्याच्या कमतरतेत शोधायचं. खालचा आडवा पट्टा बहुतेक वेळा एकच गोष्ट दाखवतो : इथवर पापणी येत नाही. ते चित्र मी काढलं आणि बाजूला ठेवलं.

नातू कशाला भितो

तिसऱ्या वेळी सून सोबत आली होती. सकाळीच त्रास जास्त का, हे मी सासूबाईंना खोदून विचारत होते, तेवढ्यात सून म्हणाली, "आत्या, तुमचा उजवा डोळा झोपंत उघडाच असतोय की. सांगू काय बाईंना?" मग माझ्याकडं वळून, "आमच्या धाकट्याला वाटतंय आजी जागीच हाय. उशाखालचा मोबाईल घ्यायला भितोय त्यो."

सासूबाई थक्क झाल्या. झोपेत आपला डोळा उघडा असतो हे झोपणाऱ्याला कुठून कळणार? ते नवऱ्याला, सुनेला, नातवंडांना ठाऊक असतं, आणि त्यांना कुणी विचारत नाही. आता सकाळी जास्त त्रास सांगणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना मी हा प्रश्न विचारते.

मी त्यांची खुर्ची खिडकीकडं फिरवली. यंत्राचा उजेड नको होता, दिवसाचा हवा होता. म्हटलं, "घट्ट नका मिटू. झोप लागताना मिटतात तसे अलगद मिटा." डावी पापणी बसली. उजवीखाली पांढरी रेघ राहिली. पट्टीनं मोजली, दीड मिलिमीटर. त्या फटीतून काळं बुबुळ दिसत नव्हतं, ते वर सरकलं होतं. डोळा मिटताना बुबुळ वर जाण्याच्या या सवयीला चार्ल्स बेल यांचं नाव आहे. बाईंचा कॉर्निया दोन वर्षं तगून राहिला तो बराचसा या सवयीमुळं. ती नसती तर नुसत्या चुरचुरीवर भागलं नसतं, व्रण झाला असता.

"कधी तोंड वाकडं झालेलं काय?"

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. "व्हय की. सात वर्सं झाली. तोंडावरनं वारं गेलतं. पर ते बरं झालं न्हवं, म्हणून बोललो न्हाई."

तेव्हा गावातच कुणीतरी पाला बांधला होता. तीन महिन्यांत तोंड सरळ झालं, पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं थांबलं, आणि घरानं ते प्रकरण मिटवलं. चेहऱ्याची नस म्हणजे सातवी नस. डोळा मिटणारा ऑर्बिक्युलॅरिस स्नायू तिच्यावर चालतो. डोळा उघडणारा स्नायू तिसऱ्या नसेवर असतो, म्हणून चेहऱ्याचा लकवा झालेल्या माणसाचा डोळा उघडा राहतो, बंद पडत नाही. नस पुन्हा वाढताना तिचे काही धागे भलत्या स्नायूंत जाऊन बसतात. मी त्यांना ओठ मुडपायला सांगितलं, तर उजवा डोळा बारीक झाला. "भाकरी चावताना पण आसंच हुतंय," सून म्हणाली. सात वर्षांपूर्वीच्या दुखण्याची सही त्या डोळ्याभोवती अजून होती.

जाता जाता सांगते, कारण आमच्या भागात आजही पाल्यावर दिवस जातात. तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं तर लगेच डॉक्टरकडं गेलं पाहिजे. एक तर ते मेंदूच्या झटक्याचं लक्षण नाही ना हे बघावं लागतं. आणि साधा बेल्स पाल्सी, म्हणजे नुसत्या चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल, तर पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी नस पूर्ण सुधारण्याची शक्यता वाढते.

मोजलं काय आणि कसं

मी सुनेचा मोबाईल घेतला आणि सासूबाईंशी ऊस, पाऊस, नातवाची शाळा असं काहीबाही बोलत राहिले. सुनेनं त्यांचा चेहरा स्लो मोशनमध्ये एक मिनिट टिपला. पापणीची एक उघडझाप साधारण सेकंदाच्या एक तृतीयांशात होते. नुसत्या डोळ्यांनी ती पूर्ण झाली की अर्धी हे कळत नाही. चलचित्र सावकाश फिरवलं की लख्ख दिसतं.

बोलताना मिनिटाला १५ उघडझापी. डावीकडच्या १३ पूर्ण, म्हणजे वरची पापणी खालच्या पापणीला टेकलेली. उजवीकडच्या ४. उरलेल्या ११ वेळा पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत येऊन परत फिरली होती.

कापसाच्या बारीक धाग्यानं कॉर्नियाला स्पर्श करून पाहिला. दोन्हीकडं सारखाच कळत होता. हे बघणं गरजेचं होतं. कॉर्नियाची जाणीव कमी झाली की पापणी लवायची आज्ञाच निघत नाही, आणि मग उपचाराची दिशा बदलते. खालची पापणी बोटानं खाली ओढून सोडली. डावी झटकन जागेवर गेली. उजवी दोन-तीन सेकंद तशीच लोंबली आणि पुढच्या उघडझापीलाच सरळ झाली. सैल. मग पापणीच्या कडेवर हळू दाबलं. १६६६ मध्ये हाइन्रिख मायबोम यांनी वर्णन केलेल्या तेलाच्या ग्रंथी तिथं असतात, वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत पंचवीसेक. डावीकडून गढूळसं पण वाहतं तेल आलं. उजवीकडून लोण्यासारखा घट्ट धागा निघाला आणि तिथंच थांबला.

इथं मी त्यांना जे समजावलं तेच वाचणाऱ्यांना सांगते, कारण याहून सोपं मला सुचलेलं नाही.

अंगण सारवताना आपण शेणकाला ओततो आणि हातानं फिरवतो. काला कितीही चांगला असला तरी हात अर्ध्या अंगणातून मागं फिरला तर पुढचं अंगण तडकणारच. डोळ्यातलं पाणी आणि बाटलीतला थेंब म्हणजे काला. पापणी म्हणजे हात. दर उघडझापीला वरची पापणी खाली येते, पाण्याचा पातळ थर सगळ्या कॉर्नियावर ओढते, मिटताना ग्रंथींवर दाब देऊन तेलाचा कण बाहेर काढते आणि वर जाताना तो पाण्यावर पसरवते. मिटण्याची क्रिया कानाकडच्या कोपऱ्यातून नाकाकडं सरकते, त्यामुळं वापरलेलं पाणी नाकाकडच्या बारीक छिद्रांकडं ढकललं जातं. त्या छिद्रांमागच्या नळीला पापणीचेच स्नायू दाबतात आणि सोडतात, हातपंपासारखे.

बाईंच्या उजव्या डोळ्यात हे सगळं अर्ध्यावर थांबत होतं. खालचा तिसरा हिस्सा न सारवलेला. तेल दाबलं जात नाही म्हणून ग्रंथीत घट्ट होऊन बसलेलं, आणि तेल नाही म्हणून आहे ते पाणीही तीन सेकंदांत उडतंय. सुकलेल्या कॉर्नियातून चुरचूर उठते, ती थांबवायला मेंदू एकदम भरपूर पाणी सोडतो. हातपंप दमलेला, खालची पापणी सैल, म्हणून ते पाणी गालावर. "डोळा कोरडा म्हणता, आणि पाणी तर गळतंय," हा त्यांचा जुना सवाल होता. तो फार शहाणा सवाल होता, आणि त्याचं उत्तर पापणीत होतं.

दहा वेळा घातलेल्या थेंबाचं काय झालं असेल हेही यातून कळतं. थोडा पसरला, उरलेला गळला. वर त्या बाटलीत टिकाऊपणासाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड होतं. दिवसातून तीन-चार वेळा ते सहसा सोसतं. दहा वेळा घातलं तर ते औषधच कॉर्नियाचा वरचा थर दुखावतं.

विडीचं काम

उजव्या डोळ्याचा उलगडा झाला, पण डावा का चुरचुरतो? डाव्या पापणीची नस शाबूत होती.

मी सुनेला एक काम दिलं. घरी आत्या विड्या वळत असताना, त्यांना न सांगता, एक मिनिट उघडझापी मोजायच्या. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या वेळी तिनं विड्यांच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेले आकडे दिले : ५, ४, ४, ६, ४, ५.

बोलताना १५, वळताना ४-५. हे नुसतं विडीचं दुखणं नाही. नजर एका जागी रोवली की कुणाचीही उघडझाप कमी होते. बेळगावात कॉम्प्युटरसमोर बसणारी इंजिनिअरिंगची पोरं, वडगाव-खासबागेत मागावर धागा बघत उभे असलेले विणकर, शिलाई करणाऱ्या बायका, सगळ्यांची. विडी वळणाऱ्या बाईचं आणखी एक असतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. टेंभुर्णीचं भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. चेहरा सुपावर वाकलेला, आणि सुपातून बारीक भुकटी उडत असते. चुरचुरलं की डोळा पुसायचा तो पदरानं. मी त्यांच्या पदराचं टोक हातात घेऊन पाहिलं. इरकली काठाच्या आत बोटभर रुंदीची तपकिरी कडा बसली होती, धुऊनही न गेलेली.

१९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीत महामार्ग अडवला, ते इथल्या जुन्या माणसांना काल घडल्यासारखं आठवतं. त्याच तंबाखूवर वाकून बसलेल्या बायकांचे डोळे मात्र कुणाच्या मागणीपत्रात आलेले मी ऐकले नाहीत. माझ्या दवाखान्यात त्या येतात तेव्हा चाळिशी किंवा मोतीबिंदू बघून आम्ही त्यांना वाटेला लावतो.

खाली बघताना डोळ्याची फट लहान असते, म्हणून वळताना पाणी त्यामानानं कमी उडतं. संध्याकाळी मात्र त्या फडताळावर उंच ठेवलेला टीव्ही मान वर करून बघत, पंख्याखाली बसून. डोळे पूर्ण ताणलेले, तेल आधीच कमी. संध्याकाळचा त्रास तिथून येत होता. टीव्ही खाली घेतला, पंख्याचा झोत चेहऱ्यावरून बाजूला केला. याला पैसे लागले नाहीत.

उपचार

आधी काय केलं नाही ते सांगते. मागं एकदा त्यांना पाणी वाहून नेणारी छिद्रं बुजवण्याचा सल्ला मिळाला होता. पाणीच कमी सुटत असेल तर तो चांगला उपाय आहे. इथं पाणी पुरेसं होतं आणि निचराच दमलेला होता. छिद्रं बुजवली असती तर गालावर आणखी पाणी आलं असतं आणि तंबाखूची भुकटी डोळ्यात जास्त वेळ रेंगाळली असती.

थेंब कमी केले. टिकाऊ रसायन नसलेले, दिवसातून चार वेळा. ते महाग पडतात, पण दहा वेळा घातलेल्या स्वस्त बाटल्यांचा हिशोब मांडला तेव्हा फरक फारसा उरला नाही.

रात्रीसाठी मलम, आणि उजवा डोळा मिटून ठेवायला कागदी चिकटपट्टी. इथं मी पहिल्यांदा फसले. वरची पापणी खाली ओढून आडवी पट्टी लावायला शिकवलं होतं. चार दिवसांत त्यांनी ती सोडली. शेजारणीनं बघितलं आणि म्हणाली, मेल्या माणसाचे डोळे मिटवतात तसं काय लावलंय? त्यानंतर बाईंना ते लावून झोपच येईना. त्यांना भित्री किंवा अडाणी ठरवणं सोपं होतं. पण रोज रात्री जी गोष्ट स्वतःच्या चेहऱ्यावर लावायची तिच्याबद्दल मनात भीती असेल, तर ती गोष्ट उपाय म्हणून उभी राहूच शकत नाही. मग पट्टी बदलली. खालच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडं, किंचित वर ताण देऊन, दोन बोटांची एक लहानशी पट्टी. सैल पापणी वर उचलली जाते, फट निम्म्यानं कमी होते, आणि आरशात काही विचित्र दिसत नाही. हे त्यांनी घेतलं. उघड्या राहणाऱ्या डोळ्यावर नुसतं कापड बांधू नका, हेही बजावलं. झोपेत डोळा उघडला तर तेच कापड कॉर्नियाला घासतं.

शेकासाठी आधी ओला गरम कपडा सांगितला होता. तो दोन मिनिटांत गार होतो आणि घट्ट झालेलं तेल वितळत नाही. आता मूठभर तांदूळ स्वच्छ सुती पुरचुंडीत बांधून तव्यावर गरम करायचे, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसतंय का बघायचं, मग मिटलेल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं. त्यानंतर बोटानं वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, केसांच्या कडेकडं हलकं निपटायची. हात आधी साबणानं, नखांच्या आतूनही धुऊन. विडी वळलेल्या बोटांनी पापणीला हात लावायचा नाही. पदराऐवजी कमरेला धुतलेला रुमाल.

आणि उघडझापीचा सराव. हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा भाग, आणि इथं पुस्तकातलं जसंच्या तसं चालणार नव्हतं. नेहमीच्या सरावात 'अलगद मिटा, मग जोरात दाबा, मग उघडा' असं असतं. बाईंची नस चुकीच्या जागी जोडली गेलेली. त्या जोर लावतात तेव्हा गाल आणि ओठही ओढले जातात, आणि असं रोज केलं तर ती चुकीची जोडणीच पक्की होते. म्हणून जोर काढून टाकला. हातात लहान आरसा. आधी नजर खाली, कारण खाली बघताना वरची पापणी ढिली होऊन सहज उतरते. मग अलगद मिटायचं, मनात दोन अंक मोजायचे, उघडायचं. आरशात ओठाचा कोपरा हलला तर ती उघडझाप धरायची नाही.

कधी करायचं? 'दर वीस मिनिटांनी' हे त्यांच्या दिवसात बसत नाही, त्या घड्याळाकडं बघत नाहीत. त्या जुड्या मोजतात. पंचवीस विड्यांची जुडी बांधून झाली की कात्री खाली ठेवायची, दाराबाहेर लांबवर बघायचं आणि अशा पाच उघडझापी करायच्या. दिवसाला साधारण आठशे विड्या म्हणजे ३२ जुड्या, म्हणजे १६० पूर्ण उघडझापी. त्यांनी लगेच दुसरा हिशोब केला. मजुरी हजारावर मिळते, वेळ गेला तर विड्या कमी होतात. मी माझ्या घड्याळावर मोजून दाखवलं. पाच उघडझापींना पंचवीस सेकंद, दिवसाला तेराएक मिनिटं. "तेवढं तर डोळं पुसण्यात जातंय," त्या म्हणाल्या, आणि तयार झाल्या.

पुढं काय झालं

सहा आठवड्यांनी उजव्या कॉर्नियावरचा रंगाचा पट्टा निम्मा झाला होता. थर फाटायला ३ च्या जागी ५ सेकंद. सकाळी डोळा उघडताना होणारी कळ जवळपास गेली होती. त्यांना सगळ्यात आधी तोच फरक जाणवला आणि माझ्या मते तो रात्रीच्या पट्टीचा आहे. तीन महिन्यांनी पुन्हा चलचित्र घेतलं : १५ पैकी उजवीकडच्या ८ उघडझापी पूर्ण. डावा डोळा जवळजवळ शांत, थर ९ सेकंद टिकणारा. उजवीकडच्या ग्रंथींतून अजून घट्टच येतं, पण वाहतं.

मग घरात लग्न निघालं. महिनाभर शेक नाही, सराव नाही, पट्टी नाही. उजवीकडचा पट्टा परत आला. पुन्हा सुरू केल्यावर तीन आठवड्यांत ओसरला. या चढ-उतारामुळं मला एका गोष्टीची खात्री पटली. त्यांना बरं वाटत होतं ते नव्या थेंबांमुळं नव्हतं. लग्नाच्या धामधुमीतही थेंब चालूच होते.

आपोआप होणाऱ्या उघडझापी सरावानं वाढल्या, पण नस तीच आहे. अलगद मिटल्यावर उजवीकडं अजून एक मिलिमीटर फट राहते आणि खालची पापणी सैल आहे. सैल पापणी बाहेरच्या कोपऱ्यात ताणून बसवण्याचं ऑपरेशन होतं. फट मोठी असती तर वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं लहानसं वजन बसवणं, किंवा पापण्यांचा बाहेरचा कोपरा शिवून फट आखूड करणं, असेही मार्ग होते. बाईंना पहिल्याचा उपयोग होईल असं मला वाटतं. पापण्यांच्या सर्जनकडं पाठवायची चिठ्ठी लिहून दिली आहे. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. मी आग्रह धरला नाही, पण दोन गोष्टी दोघींनाही पाठ करून घेतल्या. डोळा अचानक जास्त दुखायला लागला, उजेड सोसेनासा झाला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी यायचं. आणि दुकानातून आपल्या मनानं थेंब घ्यायचे नाहीत, कारण त्यांत स्टिरॉइड असू शकतं आणि उघड्या राहणाऱ्या कॉर्नियावर ते घात करतं.

माझ्या तपासणीत दोन बदल झाले. कोरड्या डोळ्यांचा रुग्ण आला की यंत्राजवळ नेण्याआधी खिडकीजवळ बसवते, इकडचं-तिकडचं बोलते आणि त्याच्या नकळत मिनिटभर उघडझापी मोजते. पूर्ण किती, अर्ध्या किती, केसपेपरवर लिहिते. मग 'अलगद मिटा' म्हणते आणि टॉर्चनं फट बघते. दोन्हींना मिळून दोन मिनिटं लागतात. चेहरा मख्ख आणि उघडझाप फारच कमी दिसली तर हाताचा कंपही बघते, कारण पार्किन्सनमध्ये पापणी आधी मंदावलेली असू शकते. घोरणाऱ्या जाड माणसाची वरची पापणी बोटानं सहज उलटली, तर झोपेत श्वास अडकतो का ते विचारते. आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, तोंडावरून कधी वारं गेलं होतं का हे त्याच शब्दांत विचारते. 'फेशियल पाल्सी झाली होती का?' असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं.

गेल्या भेटीत सासूबाईंचं बघून झाल्यावर मी सुनेला त्याच खुर्चीत बसवलं. तीही रोज सहाशे विड्या वळते. वय ३१. तक्रार काही नव्हती. मिनिटाला १४ उघडझापी, सगळ्या पूर्ण. पापणीची कडा दाबली तेव्हा तेल आलं ते मात्र गढूळ होतं. जुडी बांधून झाली की दोघींनी एकदमच कात्री खाली ठेवायची, असं त्यांनी माझ्यासमोरच ठरवलं.